हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड वाकू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सिलिंडर निवडणारे, बसवणारे आणि दुरुस्त करणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात. आकडे एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून शक्य तिथे एकच उदाहरण पुढे नेलं आहे: ८० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ४५ मिमी रॉड, ७५० मिमी स्ट्रोक (रॉड जेवढा आत-बाहेर सरकतो ते अंतर), १६० बार दाब, दोन्ही टोकांना पिन. सिलिंडर मिटलेला असताना पिन ते पिन १०५० मिमी, पूर्ण उघडल्यावर १८०० मिमी.

आमचा रॉड वाकला. स्टील हलकं लागलं असेल का?

बहुतेक वेळा नाही. पहिला संशय स्टीलवर जातो, माल पुरवणाऱ्याला फोन होतो, तुकडा टेस्टिंगला जातो आणि रिपोर्ट व्यवस्थित येतो.

उदाहरणातला सिलिंडर घ्या. १६० बारला ८० मिमी बोअरचा पिस्टन सुमारे ८०.४ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ८.२ टन ढकलतो. ४५ मिमी रॉडचं क्षेत्रफळ १५९० चौरस मिमी. भागाकार केला की ताण येतो साधारण ५१ न्यूटन प्रति चौरस मिमी. रॉडसाठी नेहमी वापरलं जाणारं सी ४५ स्टील ३००च्या आसपास गेल्यावर कायमचं वाकायला लागतं. म्हणजे नुसत्या दाबाच्या हिशोबाने सहापट माया आहे. तरीही हा रॉड या कामाला अपुरा आहे, कारण तो चिरडून जाणार नाही, बाजूला सरकणार आहे. बारीक आणि लांब वस्तूला दोन्ही टोकांनी दाबलं की तिला बाजूला पळायची वाट सोपी पडते. यालाच बकलिंग म्हणतात. तिथे स्टीलच्या ताकदीपेक्षा रॉडची जाडी, लांबी आणि टोकं कशी धरली आहेत हेच चालतं.

काल चालत होता, आज अचानक कसा वाकला?

कोणताही रॉड शंभर टक्के सरळ नसतो. थोडा बाक बनवतानाच असतो, थोडा स्वतःच्या वजनाने येतो, थोडा पिन आणि बुश (पिन किंवा रॉड ज्यात बसतो ती कडी) यांमधल्या ढिलाईमुळे. भार आला की हा बाक वाढतो, आणि तो भाराच्या प्रमाणात वाढत नाही, इथेच सगळी गोम आहे. बकलिंगचा सैद्धांतिक भार १०० धरला, तर ५० भाराला मूळ बाक दुप्पट होतो, ७५ला चौपट आणि ९०ला दहापट.

आपल्या रॉडला मुळात २ मिमी बाक आहे असं समजा. १६० बारला तो साधारण ५.३ मिमी होतो. वाकण्याचा आणि दाबाचा ताण मिळून ९८च्या आसपास जातो, रॉड निमूट काम करतो. आता तोच दाब २४० बार झाला. दाब दीडपट, पण बाक जवळजवळ ३२ मिमी, आणि एकूण ताण ५००च्या पुढे. रॉड गेला. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्यक्षात बॅरलचा (सिलिंडरच्या नळीचा) ताठपणा आणि ग्लँडचा (रॉड बाहेर येतो त्या तोंडाच्या झाकणाचा) आधार यामुळे चित्र थोडं बदलतं. पण वाढीची चाल हीच असते. म्हणून वर्षभर तक्रार न करणारा सिलिंडर एका झटक्यात जातो, आणि ऑपरेटर शपथेवर सांगतो की मी काहीच वेगळं केलं नव्हतं. तो बऱ्याचदा खरंच बोलत असतो.

हिशोब कसा करायचा?

पाया ऑयलरच्या सूत्राचा. लिओनार्ड ऑयलरने १७४४ साली मांडलेली गोष्ट आजही कॅटलॉगच्या तक्त्यांमागे उभी आहे:

बकलिंग भार = ९.८७ × ई × आय ÷ परिणामी लांबीचा वर्ग

इथे ‘ई’ म्हणजे स्टीलचा लवचिकता गुणांक, २,१०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. ‘आय’ म्हणजे रॉडच्या छेदाचा जडत्व आघूर्ण, तो आकार वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप. भरीव गोल रॉडसाठी तो व्यासाचा चौथा घात गुणिले ०.०४९१. लांबी आणि व्यास मिमीमध्ये घातले की उत्तर न्यूटनमध्ये येतं.

४५ मिमी रॉडचा ‘आय’ साधारण २,०१,३०० येतो. परिणामी लांबी (ती कशी ठरते ते पुढच्या प्रश्नात) १८०० मिमी. बकलिंग भार निघतो सुमारे १२८.८ किलोन्यूटन. सिलिंडर ढकलतो ८०.४. म्हणजे सुरक्षा गुणांक फक्त १.६.

आता रॉड ५६ मिमी करून बघा. व्यास साधारण पाव हिश्शाने वाढला, पण चौथ्या घातामुळे बकलिंग भार २.४ पट होऊन ३०८.८ किलोन्यूटनवर गेला. सुरक्षा गुणांक ३.८४.

या पद्धतीत संपूर्ण १८०० मिमी लांबी जणू रॉडच्याच जाडीची आहे असं धरलंय. बॅरल रॉडपेक्षा खूप ताठ असतं, त्यामुळे उत्तर सुरक्षित बाजूला झुकतं. बॅरल, रॉड, पिनमधलं घर्षण आणि सिलिंडरचं स्वतःचं वजन वेगवेगळं धरून हिशोब करायचा असेल तर आयएसओ १३७२५ हे मानक नेमकं हायड्रॉलिक सिलिंडरच्या बकलिंगसाठीच आहे. मोठे, लांब किंवा माणसं खाली उभी राहतील असे सिलिंडर असतील तर ते वापरावं. रोजच्या निवडीला ऑयलर पुरतो.

परिणामी लांबी म्हणजे स्ट्रोकच ना?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक स्ट्रोक ७५० आहे म्हणून सूत्रात ७५० घालतात आणि खूश होतात. लांबीचा वर्ग भागाकारात आहे, त्यामुळे १८००च्या जागी ७५० घातलं की ताकद पावणेसहापट फुगते.

टोकं कशी धरली आहेत त्यावर सगळं ठरतं. दोन्ही टोकं पिनवर फिरती असतील तर पिन ते पिन जेवढी लांबी, तेवढीच परिणामी लांबी. एक टोक घट्ट आणि दुसरं मोकळं लोंबतं असेल तर प्रत्यक्ष लांबीच्या दुप्पट. एक घट्ट आणि दुसरं पिनवर पण मार्गदर्शित असेल तर ०.७ पट. दोन्ही घट्ट आणि मार्गदर्शित असतील तर निम्मी. ‘मार्गदर्शित’ म्हणजे रॉडचं टोक बाजूला हलूच शकत नाही अशी गाइड किंवा स्लाइड. वजनदार प्लेट जोडली आहे म्हणून टोक धरलं गेलं असं होत नाही.

सिलिंडरवर हे लावायला बरेच उत्पादक स्ट्रोकला गुणायचा एक गुणक देतात. पुढचा फ्लँज (बोल्ट मारायची चकती) आणि रॉडचं टोक पिनवर पण गाइडमध्ये: ०.७. पुढचाच फ्लँज, पण टोकाला गाइड नाही: २. मागे पिन आणि पुढे पिन, गाइडसह: २. मधला ट्रनियन (बॅरलच्या दोन बाजूंना असलेले खुंट, ज्यांवर सिलिंडर फिरतो): १.५, पुढचा ट्रनियन: १. आणि मागचा फ्लँज, टोकाला गाइड नाही: ४.

७५० स्ट्रोकला शेवटची रचना ३००० मिमी परिणामी लांबी देते आणि पहिली ५२५ मिमी. सिलिंडर तोच, रॉड तोच, फक्त बोल्ट मारायची जागा बदलली. वर्गाच्या हिशोबाने हा फरक ३२ पटींच्या वर जातो. हा आकडा कागदावरचाच समजा, कारण इतक्या कमी लांबीला ऑयलरचं सूत्र लागू पडत नाही. त्याबद्दल खाली येईल. पण दिशा कळायला तो पुरे.

पिनच्या सिलिंडरला मात्र मी गुणकावर विसंबत नाही. मिटलेली लांबी प्रत्येक बनावटीत वेगळी असते. टेप लावून पूर्ण उघडी पिन ते पिन लांबी मोजा आणि तीच घाला.

सुरक्षा गुणांक किती ठेवायचा?

३.५ हा आकडा कॅटलॉगमध्ये सर्रास दिसतो आणि साध्या पद्धतीसाठी तो योग्यच आहे. या गुणांकाला रॉडचा मूळ बाक फक्त १.४ पट होतो. म्हणजे वर सांगितलेल्या धोक्याच्या चढापासून आपण बरेच लांब राहतो. माणसं उचलणारी किंवा माणसांच्या डोक्यावर वजन धरणारी यंत्रं असतील तर त्यांचे स्वतंत्र नियम असतात, तिथे हा आकडा पुरेलच असं नाही.

दाब कोणता धरायचा? गेजवर तर ११०च दिसतो.

रिलीफ व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडतो तो. काम ११० बारला होत असेल, पण भार अडकला की पंप दाब चढवतच जातो आणि रिलीफ उघडेपर्यंत थांबत नाही. रॉडला त्या क्षणी जे सोसावं लागतं तेच खरं.

एका बेलिंग प्रेसचा (माल दाबून गाठी बनवणाऱ्या यंत्राचा) वाकलेला रॉड माझ्याकडे आला होता. ड्रॉइंगवर १६० बार लिहिलेलं, हिशोबही बरोबर. प्रत्यक्ष जाऊन गेज लावला तर दाब २३०च्या वर चढत होता. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्क्रूची लॉकनट सैल, आणि स्क्रूच्या डोक्याचे कोपरे पान्याने खाल्लेले. गाठी नीट दाबल्या जात नाहीत म्हणून कोणीतरी अर्धा फेरा पिळला होता, आणि पुढच्या पाळीतल्या कोणीतरी आणखी अर्धा. दोघांचाही हेतू चांगलाच होता. तेव्हापासून मी सिलिंडरच्या हिशोबाच्या कागदावर शेवटची ओळ लिहितो: रिलीफ अमुक बारला सेट करून सील करणे.

भार अडवून धरणारा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह थेट सिलिंडरवर बसवला असेल तर त्याची सेटिंग वेगळी धरा. व्हॉल्व्ह बंद असताना बाहेरचं वजन किंवा धक्का रॉडला दाबतो आणि तेल जाऊ शकत नाही, तेव्हा त्या पोकळीतला दाब त्या व्हॉल्व्हच्या सेटिंगपर्यंत चढू शकतो. ती बहुधा मुख्य रिलीफपेक्षा जास्त असते.

थोडा मोठा बोअर घेतला तर जास्त सुरक्षित ना?

उलट. हा गैरसमज इतका पक्का आहे की अनुभवी लोकही त्यात सापडतात. मोठा बोअर म्हणजे ढकलण्याचं बळ जास्त, आणि ते बळ त्याच रॉडमधून जाणार. आपल्या उदाहरणात ८०च्या जागी १०० मिमी बोअर घेतला आणि रॉड ४५च ठेवला, तर १६० बारला बळ १२५.७ किलोन्यूटन होतं. बकलिंग भार १२८.८. गुणांक १.०२. हा सिलिंडर पहिल्याच अडथळ्याला वाकेल.

बोअर वाढवायचाच असेल तर दाब त्या मानाने खाली आणा, नाहीतर रॉडही वाढवा.

मग रॉडच जाड घेऊ. त्यात तोटा काय?

ताकदीच्या दृष्टीने काहीच नाही. पण रॉड जाड झाला की परत येण्याच्या बाजूला तेलाला जागा कमी उरते. ४५ मिमी रॉडला १६० बारला ओढण्याचं बळ ५५ किलोन्यूटन मिळतं, ५६ मिमीला ४१. ओढतानाही काम असेल तर हे आधी तपासा.

दुसरी गोष्ट तेलाच्या प्रवाहाची, आणि ती सहसा सगळं बसवून झाल्यावर लक्षात येते. ५६ मिमी रॉड आत येताना पंप जेवढं तेल ढकलतो, त्याच्या १.९६ पट तेल मागच्या पोर्टमधून बाहेर पडतं. ४५ला हेच १.४६ पट होतं. पंप मिनिटाला ४० लिटरचा असेल तर परतीच्या लाइनवर, दिशा व्हॉल्व्हवर आणि रिटर्न फिल्टरवर ७८ लिटर येणार. फिल्टर ६० लिटरचा असेल तर त्याचा बायपास प्रत्येक फेरीला उघडेल आणि तेल न गाळताच टाकीत जाईल. शिवाय रॉड परत वेगाने येईल, कारण भरायची जागा कमी.

रॉडचं वजन मीटरला १२.५ किलोवरून १९.३ किलो होतं. उभ्या सिलिंडरला याची फिकीर नाही. आडव्याला आहे.

चांगल्या ग्रेडचं स्टील किंवा इंडक्शन हार्डनिंग केलं तर?

लांब, बारीक रॉडच्या बकलिंगला त्याचा जवळजवळ शून्य उपयोग. ऑयलरच्या सूत्रात स्टीलची ताकद कुठेच नाही, फक्त ‘ई’ आहे, आणि ‘ई’ साध्या सी ४५चा आणि महागड्या ४२ क्रोम-मोलीचा जवळपास सारखाच. हार्डनिंगने पृष्ठभाग कडक होतो, ताठपणा वाढत नाही. क्रोमचा थर तर काही शतांश मिमीचा. जास्त पैसे मोजून तेवढाच बारीक रॉड घेतला तर तो तेवढ्याच भाराला बाजूला सरकेल.

चांगलं स्टील उपयोगी पडतं ते आखूड रॉडला. परिणामी लांबीला रॉडच्या व्यासाच्या चौथ्या भागाने भागलं की जो आकडा येतो त्याला सडपातळपणाचं गुणोत्तर म्हणतात. आपल्या ४५ मिमी रॉडला ते १६०, ५६ला सुमारे १२९. साध्या रॉड स्टीलसाठी हे गुणोत्तर साधारण ९०च्या खाली गेलं की ऑयलरचं सूत्र वास्तवापेक्षा मोठी ताकद दाखवायला लागतं. तिथे टेटमायर किंवा जॉन्सनचं सूत्र वापरतात आणि त्यांत स्टीलची ताकद मोजली जाते. गुणोत्तर काढल्याशिवाय सूत्र लावू नका, एवढंच.

हार्डनिंग वाईट आहे असं नाही. दगड लागणं, ओरखडे, सीलची झीज यांसाठी ते हवंच. फक्त ते बकलिंगचं औषध नव्हे.

पोकळ रॉड कमकुवत असतो का?

वाटतो तितका अजिबात नाही. ५६ मिमी रॉडमध्ये मधोमध २८ मिमीचं छिद्र असेल तर वजन पाव हिश्शाने कमी होतं आणि बकलिंगची ताकद फक्त सोळाव्या हिश्शाने. मधलं स्टील वाकण्याला विरोध करायला फारसं कामाला येत नाही. लांब आडव्या सिलिंडरला हा चांगला मार्ग आहे. टोकाच्या थ्रेडचं आणि वेल्डिंगचं काम मात्र नीट झालं पाहिजे, पोकळ रॉड बहुधा तिथेच फसतो.

स्टॉप ट्यूब म्हणजे काय आणि ती कधी लागते?

पिस्टन आणि ग्लँड यांच्या मध्ये, रॉडभोवती बसवलेली साधी नळी. ती असल्यामुळे रॉड पूर्ण बाहेर आला तरी पिस्टन ग्लँडपर्यंत पोहोचत नाही, दोघांत ठरावीक अंतर राहतं.

त्या अंतराला एवढं महत्त्व का? रॉडला बॅरलमध्ये दोनच आधार असतात: पिस्टनची बेअरिंग पट्टी आणि ग्लँडचा बुश. आधारांमधलं अंतर ७५ मिमी आहे आणि रॉड ७५० मिमी बाहेर आहे असं समजा. टोकाला बाजूने १०० किलोचा रेटा आला तर पिस्टनवर १००० किलो आणि ग्लँडवर ११०० किलो पडतात. बुश एका बाजूने खाल्ला जातो, अंडाकृती होतो, रॉड तिरका बसायला लागतो, आणि तिरका रॉड म्हणजे आयता बाक. अंतर १५० केलं की तेच आकडे ५०० आणि ६०० होतात.

ढोबळ नियम असा चालतो: परिणामी लांबी १००० मिमीच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक २५० मिमीला, किंवा त्याच्या भागाला, २५ मिमी स्टॉप ट्यूब. आपल्या १८०० मिमीला १०० मिमी ट्यूब लागते.

इथे एक फसगत आहे. स्ट्रोक ७५०च हवा असेल तर १०० मिमी ट्यूबसाठी बॅरल १०० मिमीने वाढतं आणि उघडी लांबी १९०० होते. ५६ मिमी रॉडचा गुणांक ३.८४ होता, तो आता ३.४५वर येतो. ३.५च्या किंचित खाली. म्हणून ट्यूब ठरवली की हिशोब पुन्हा करायचा. माझ्या मते अशा ठिकाणी रॉड आणखी वाढवण्याआधी रिलीफ १५५ बारवर आणता येतो का ते बघावं. बऱ्याचदा येतो, कारण मूळ १६०चा आकडाही कुणीतरी अंदाजानेच लिहिलेला असतो.

पूर्ण बाहेर आल्यावर आमच्या यंत्रात भार नसतोच. तरी पूर्ण लांबी धरायची?

भार कोणत्या लांबीला किती हे खात्रीने माहीत असेल तर प्रत्येक स्थितीला वेगळा हिशोब करता येतो. टिपिंगच्या कामात सुरुवातीला, सिलिंडर मिटलेला असताना, सगळ्यात जास्त जोर लागतो आणि वर जाता जाता तो कमी होतो. पण लांब स्थितीत काही अडकण्याची शक्यता असेल तर पुन्हा रिलीफचा दाब आणि पूर्ण लांबी.

पिस्टन ग्लँडला टेकला की मात्र पुढचा सगळा जोर ग्लँड आणि बॅरल घेतात, रॉडवर दाब येत नाही. धोका टेकण्याच्या आधीच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये असतो.

पिन असली की बाजूचा भार येत नाही, बरोबर ना?

अर्धं बरोबर. पिन एकाच दिशेला फिरते. दुसऱ्या दिशेला चौकट वाकडी असेल तर साधी पिन रॉडला घेऊनच तिरकी होते. तिथे स्फेरिकल बेअरिंगचा डोळा (पिन बसते ते टोकाचं कडं) लागतो, तो थोडी चूक पोटात घालतो.

आणि जिथे पिन फिरते तिथेही ती फुकट फिरत नाही. ४० मिमी पिन, घर्षण गुणांक ०.१५. पिनची त्रिज्या गुणिले घर्षण गुणांक म्हणजे ३ मिमी. कोरड्या पिनमुळे रॉडवर येणारा भार मधोमध न येता ३ मिमी बाजूने आल्यासारखा होतो. रॉड मोठ्या मेहनतीने सरळ करून आणायचा आणि पिनला ग्रीस मारायचं राहून जायचं, हे किती महागात पडतं ते यावरून कळेल. अडकलेला ग्रीस निपल दिसला की मी आधी रॉडकडे बघतो.

आडव्या सिलिंडरला वेगळं काही?

हो. स्वतःच्या वजनाने रॉड आणि बॅरल मधोमध झोळ धरतात आणि हा झोळ मूळ बाकात जमा होतो. तेलाचं वजनही विसरू नका. मागच्या पिनऐवजी मधला ट्रनियन घेतला तर परिणामी लांबी कमी होते आणि बॅरलचं वजन दोन्ही बाजूंना तोललं जातं. फार लांब स्ट्रोक असेल तर रॉडखाली आधाराचा रोलर किंवा टोकाला स्लाइड द्या.

यंत्राची रचनाच बदलता आली तर?

तर सगळ्यात उत्तम. ओढणारा रॉड बकल होत नाही. मुख्य काम ओढण्याच्या बाजूला घेता येत असेल तर बारीक रॉडही चालतो, फक्त थ्रेड आणि डोळा तपासायचा. ड्रॉइंग पक्कं होण्याआधी हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि नंतर विचारून उपयोग नसतो.

रिजनरेटिव्ह सर्किट हाही एक मार्ग. त्यात पिस्टनच्या दोन्ही बाजूंचं तेल एकमेकांना जोडलेलं असल्यामुळे ढकलण्याचं बळ फक्त रॉडच्या क्षेत्रफळाएवढं. आपल्या ४५ मिमी रॉडला ते २५.४ किलोन्यूटन, गुणांक ५च्या वर. पण शेवटी पूर्ण जोरासाठी सर्किट साध्या जोडणीवर जात असेल तर हिशोब पुन्हा मूळ पदावर.

दोन सिलिंडर जोडीने आहेत, भार अर्धा अर्धा धरला. चालेल?

दोघांना घट्ट बांधणारी ताठ चौकट आणि समान तेल वाटणारी व्यवस्था असेल तरच. नाहीतर एक पुढे जातो आणि सगळा भार घेतो. मी प्रत्येकाला रिलीफच्या पूर्ण दाबावर तपासतो.

टेलिस्कोपिक सिलिंडर?

त्यांना साधा ऑयलर लावू नका. प्रत्येक टप्प्याच्या जोडात थोडी ढिलाई असते, त्या साऱ्या ढिलाया मिळून पूर्ण उघड्या स्थितीत चांगलाच बाक तयार होतो. उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळा, आणि उतारावर गाडी तिरकी उभी करून टिपिंग करू नका. टेलिस्कोपिक सिलिंडर बाजूचा भार सोसायला बनवलेलाच नसतो.

रॉड वाकायला लागलाय हे आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. रॉडवर एकाच बाजूला चकाकणारा किंवा ओरखडलेला लांब पट्टा. ग्लँडमधून तेल येतं, सील बदललं की थांबतं आणि महिन्याभरात पुन्हा सुरू होतं. जुनं सील हातात घेतलं तर एका बाजूची ओठाची कड झिजलेली आणि दुसरी नवीकोरी. पूर्ण उघडण्याच्या जवळ कुरकुर किंवा झटके. असं सील तिसऱ्यांदा बदलण्याआधी रॉड काढून तपासा.

तपासणी सोपी आहे. रॉड दोन व्ही-ब्लॉकवर ठेवा, मधोमध डायल गेज लावा आणि सावकाश एक पूर्ण फेरा द्या. काटा जेवढा एकूण हलतो त्याच्या निम्मा बाक. काटा ०.८ मिमी हलला तर बाक ०.४. नवीन क्रोम रॉड साधारण मीटरला ०.२ ते ०.३ मिमीच्या आत सरळ असतो. व्ही-ब्लॉक नसतील तर सरफेस प्लेटवर लोळवून खालून उजेड बघितला तरी मोठा बाक लगेच दिसतो.

वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून घालावा का?

किरकोळ बाक, मऊ रॉड आणि साधं काम असेल तर तात्पुरता घालता येतो. इंडक्शन हार्डन केलेला असेल तर मी हात लावत नाही: वरचा कडक थर तडकतो, आणि ते बारीक तडे क्रोमखाली दिसत नाहीत. मऊ रॉडलाही सरळ करताना आत ताण अडकून राहतात, त्यामुळे तो नव्या रॉडपेक्षा लवकर पुन्हा वाकतो. क्रोमला बाहेरच्या बाजूने भेगा पडल्या असतील तर तिथून गंज सुरू होतो आणि गंजाचे कण सील खातात.

नवा रॉड बसवण्याआधी वाकलेला रॉड भंगारात टाकू नका. त्याचा बाक कसा आहे ते बघा. लांबलचक, एकसारखी कमान असेल आणि तिचं पोट रॉड पूर्ण बाहेर असताना ग्लँड जिथे येतो त्याच्या आसपास असेल, तर बकलिंग झालंय. दाब, लांबी आणि बोअर तपासा. डोळ्याजवळ एका ठिकाणी मोडल्यासारखा कोपरा असेल तर बहुधा बाजूने काहीतरी आदळलंय किंवा डोळा अडकून बसलाय, आणि तिथे रॉड जाड करून काहीच होणार नाही. खडूने बाकाची दिशा रॉडवर आखून ठेवा. ती दिशा पिनच्या आडवी निघाली तर चौकटीची सरळता मोजायला घ्या.